चटणीचं बिल

आमच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये सर्वात आधी काय संपतं, असा प्रश्न व्हायवामध्ये आला तर फर्स्ट इयरची मुलगीसुद्धा न अडखळता उत्तर देईल. शेंगदाण्याची चटणी! भाजी दुधी असो, दोडका असो किंवा जिचं नाव आजवर कुणालाच ओळखता आलेलं नाही अशी ती बुधवारची भाजी असो, चटणी आणि दही असलं की जेवण निभावतं. परीक्षेच्या दिवसांत तर ब्रेड आणि चटणीवर रात्री काढलेल्या मुली मला माहीत आहेत. मी त्यांच्यातलीच एक.

पण ही चटणी येते कुठून, हे आपल्यापैकी किती जणींना माहीत आहे? कॉलेजपासून चौदा किलोमीटरवर असलेल्या एका गावातल्या महिला बचत गटाकडून ती येते. महिन्यातून दोनदा एक मावशी रिक्षातून स्टीलचे डबे घेऊन येतात, मेसच्या मागच्या दारात उतरवतात, रिकामे डबे घेऊन परत जातात. हा लेख त्या चटणीबद्दल आहे, आणि माझ्या हातून झालेल्या एका चुकीबद्दलही आहे.

आधीच सांगते, मी पहिली ते दहावी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. मराठी विभागासाठी लेख लिहिते म्हटल्यावर रूममेट दहा मिनिटं हसत होती. शुद्धलेखन तिनं तपासलं आहे. गणित मात्र माझं मीच केलं आहे, आणि या लेखात गणित बरंच आहे. घाबरू नका, एम-थ्रीपेक्षा सोपं आहे.

शेकडा पाच म्हणजे किती?

गेल्या वर्षी मी मेस कमिटीची सेक्रेटरी होते. जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत गटाने आपल्याला ८० किलो चटणी दिली. भाव किलोला २३० रुपये, म्हणजे बिल झालं १८,४०० रुपये. सप्टेंबरच्या शेवटी मावशींनी ते वहीच्या फाडलेल्या पानावर लिहून माझ्या हातात दिलं. मी ते अकाउंट्स सेक्शनला नेलं, तर तिथं सांगितलं की बिलावर नंबर नाही, गटाच्या नावाचं पॅन कार्ड जोडलेलं नाही, असं पास होणार नाही. "ओके सर" म्हणून मी कागद फाईलमध्ये ठेवला. मग सबमिशन, मग ओरल, मग दिवाळीची सुट्टी, मग परीक्षा. कागद फाईलमध्ये आणि फाईल माझ्या कपाटात!

मावशींनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी म्हटलं, "प्रोसेसमध्ये आहे." हे वाक्य किती सोयीचं आहे ना? खोटंही नाही आणि खरंही नाही.

डिसेंबरच्या शेवटी डबे निम्मेच आले. मेसमध्ये बोंबाबोंब झाली, तेव्हा मी आणि माझी मैत्रीण स्कूटीवर त्या गावी गेलो. मावशींनी चहा दिला, पाय धुवायला पाणी दिलं, एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत. फक्त सांगितलं की दसरा-दिवाळीच्या सुमारास नवी शेंग बाजारात येते, भाव उतरलेला असतो, तेव्हाच वर्षाचा माल भरून ठेवावा लागतो. आमचं बिल आलं नाही म्हणून एका व्यापाऱ्याकडून १५,००० रुपये घेतले. शेकडा पाचने.

मी मनात म्हटलं, पाच टक्के? एज्युकेशन लोनपेक्षाही स्वस्त! मैत्रिणीनं, जी मूळची शेतकऱ्याच्या घरातली, मला कोपरानं ढोसलं. बाहेर आल्यावर कळलं की शेकडा पाच म्हणजे शंभराला पाच रुपये, पण वर्षाला नव्हे, महिन्याला. म्हणजे वर्षाला साठ टक्के! पंधरा हजारांवर महिन्याला ७५० रुपये. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर असे तीन महिने, एकूण २,२५० रुपये. माझ्या कपाटातल्या फाईलचं भाडं कुणीतरी भरत होतं, आणि ती मी नव्हते.

बचत गट म्हणजे नक्की काय?

त्या दिवसानंतर मी हा विषय जरा नीट समजून घ्यायचं ठरवलं. आपण बचत गट हा शब्द इतक्या वेळा ऐकतो की तो समजलाय असंच वाटतं.

दहा ते वीस बायका एकत्र येतात. प्रत्येकीने ठरलेली छोटी रक्कम दर आठवड्याला किंवा महिन्याला टाकायची. त्या साठलेल्या पैशातून गरजेप्रमाणे एकमेकींना कर्ज द्यायचं. व्याज गटातच राहतं, त्यामुळे साठा वाढत जातो. सहा महिने गट नीट चालला की बँक त्या गटाला कर्ज द्यायला तयार होते, कारण परतफेडीची सवय कागदावर दिसते. याला पंचसूत्री म्हणतात : नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि हिशोबाच्या वह्या. एकटी बाई बँकेत गेली तर तारण मागतात. वीस जणींची एकमेकींना असलेली ओळख हेच इथं तारण असतं.

आपल्या देशात नाबार्डने १९९२ साली प्रयोग म्हणून ५०० गट बँकांशी जोडले आणि तिथून ही चळवळ वाढली. महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजेच माविम, १९७५ पासून आहे. २०११ पासून उमेद अभियान गावोगावी गट बांधतं. गटाला दहा लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियमही आहे.

मग प्रश्न पडतो, की इतकं सगळं असताना मावशींना व्यापाऱ्याकडे का जावं लागलं? मी विचारलं. उत्तर अगदी साधं होतं. गटाचं बँकेचं कर्ज चालू होतं, पण ते आधीच जणींनी वाटून घेतलं होतं. एकीनं शेळ्या घेतल्या, एकीनं मुलाची फी भरली, एकीनं दवाखान्याचा खर्च केला. गटाकडे कर्ज होतं. चटणीच्या धंद्याकडे नव्हतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. बचत गट हा संसाराला आधार देतो. त्यातून उभा राहिलेला व्यवसाय वाढवायचा असेल तर त्याला स्वतःचा हिशोब, स्वतःचं भांडवल आणि स्वतःचा बाजार लागतो.

म्हसवडच्या बायका आणि रिझर्व्ह बँक

हे सगळ्यात आधी ओळखलं अशांपैकी एक गाव म्हणजे सातारा जिल्ह्यातलं म्हसवड. माण तालुका हा पर्जन्यछायेतला, कायमचा दुष्काळी भाग. मुंबईत वाढलेल्या, जयप्रकाश नारायणांच्या चळवळीत काम केलेल्या चेतना सिन्हा लग्नानंतर तिथं राहायला गेल्या. रस्त्याच्या कडेला लोहारकाम करणारी एक बाई त्यांच्याकडे आली. तिला पावसाळ्याआधी झोपडीवर टाकायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता आणि त्यासाठी रोज थोडे पैसे बँकेत साठवायचे होते. कर्ज नको होतं, नुसतं बचत खातं हवं होतं! पण इतक्या छोट्या रकमेचं खातं उघडायला बँक तयार नव्हती.

तेव्हा चेतनाताईंनी ठरवलं की बायकांची स्वतःचीच बँक काढायची. रिझर्व्ह बँकेकडे अर्ज गेला आणि नामंजूर झाला. कारण अर्जावर सह्यांच्या जागी अंगठे होते. निरक्षर सभासदांची बँक कशी चालणार? गावात परत आल्यावर बायकांनीच म्हटलं की आपण लिहायला शिकू. दिवसभर काम करून रात्री अक्षरं गिरवली. काही महिन्यांनी त्या पुन्हा मुंबईला गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, की आम्ही लहान असताना गावात शाळा नव्हती हा आमचा दोष नाही. पण आम्हाला हिशोब येतो. कुठल्याही रकमेचं व्याज सांगा, आम्ही तोंडी काढतो. तुमच्या अधिकाऱ्यांनाही कॅल्क्युलेटर न घेता काढायला सांगा, बघू कोण आधी सांगतं ते!

१९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँकेला लायसन्स मिळालं.

ही गोष्ट मी वाचली तेव्हा आमच्या मावशी आठवल्या. त्यांना पावकी, निमकी, अडीचकी पाठ आहेत. अडीच किलोचे सतरा डबे किती, हे मी मोबाईल काढेपर्यंत त्यांनी सांगितलेलं असतं. आणि अकाउंट्समध्ये मी काय सांगितलं होतं? "त्यांना बिल करता येत नाही सर."

म्हसवडच्या बँकेची पुढची गोष्ट इंजिनिअरिंगच्या मुलांनी तर आवर्जून वाचावी. बँकेत येण्यासाठी बाईचा दिवसाचा रोजगार बुडतो, म्हणून बँकेनं माणसं दारापर्यंत पाठवली. पासबुक घरात ठेवलं की नवऱ्याला शिल्लक कळते आणि पैसे मागितले जातात, म्हणून कागदाशिवाय व्यवहार करायची कल्पना आली. मग पिन नंबर द्यायचं ठरलं, तर बायका म्हणाल्या की पिन कुणीही काढून घेईल, अंगठा कुणी चोरू शकत नाही. ज्या अंगठ्यामुळे अर्ज नामंजूर झाला होता, तोच अंगठा सुरक्षेसाठी कामाला आला! आपण ज्याला यूजर रिक्वायरमेंट म्हणतो आणि सेमिनारच्या दुसऱ्या स्लाईडवर उरकून टाकतो, ती खरी अशी असते.

पुढे शेळ्या राखणारी एक बाई मोबाईलसाठी कर्ज मागायला आली. चारण्यासाठी लांब जाते, घरच्यांशी बोलायला हवा, म्हणाली. आणि नुसता फोन नको, वापरायलाही शिकवा. त्यातून पैशाबरोबर शिकवणंही हवं हे लक्षात आलं आणि २००६ साली ग्रामीण बायकांसाठी व्यवसाय शिकवणारी शाळा निघाली. ज्यांना गावाबाहेर पडता येत नाही त्यांच्यासाठी हीच शाळा बसमधून गावोगावी जाऊ लागली. २०१८ साली दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेच्या सहअध्यक्षांमध्ये चेतना सिन्हांचं नाव होतं. माणसारख्या दुष्काळी तालुक्यातलं काम तिथपर्यंत पोचलं.

न धरलेली मजुरी

आता आपल्या चटणीकडे येऊ. आपल्याला इंजिनिअरिंग इकॉनॉमिक्समध्ये कॉस्टिंग आहे. मी ते पाठ करून पास झाले होते. जानेवारीत मावशींच्या ओट्यावर बसून ते पहिल्यांदा खरोखर केलं.

८० किलो चटणीसाठी शेंगदाणे ७० किलो, १३० रुपयांनी ९,१०० रुपये. मिरची, लसूण, जिरं, मीठ, तेल मिळून २,१००. सरपण, गॅस आणि दळण ९००. पिशव्या आणि पॅकिंग ८००. रिक्षा ६००. एकूण १३,५०० रुपये. बिल १८,४०० चं. म्हणजे उरले ४,९०० रुपये. गटातल्या बायका खूश होत्या, कारण त्यांच्या दृष्टीनं हा सगळा नफाच होता.

मी विचारलं, "आणि तुमची मजुरी?"

सगळ्या एकमेकींकडे बघून हसल्या. मावशी म्हणाल्या, "घरचंच तर काम हाय. त्याची कसली मजुरी?"

चौघी जणी प्रत्येकी सहा दिवस राबल्या होत्या, म्हणजे २४ दिवसांचं काम. ४,९०० भागिले २४, दिवसाला साधारण २०४ रुपये. त्यातून व्याजाचे २,२५० वजा करा, राहिले २,६५०. दिवसाला ११० रुपये! त्यांच्याच शिवारात खुरपायला गेलं तर बाईला ३०० रुपये मिळतात, असं त्यांनीच सांगितलं. म्हणजे धंदा करून त्या मजुरीपेक्षा कमी कमवत होत्या, आणि वर धंद्याची जोखीमही त्यांचीच.

३०० रुपयांनी मजुरी धरली तर ७,२०० होतात. मग एकूण खर्च २०,७००. किलोला जवळजवळ २५९ रुपये. आणि त्या विकत होत्या २३० ला. म्हणजे प्रत्येक किलोमागे २९ रुपये तोटा, तोही नफा समजून!

ओट्यावर थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग एक आजी म्हणाल्या, "म्हंजी आपुन कालिजाला फुकट जेवाय घालतोय म्हना की." मी काय बोलणार? डब्यातला घास आठवला आणि गप्प बसले.

हे फक्त आमच्या मावशींचं नाही. पापड, शेवया, गोधडी, मसाला, जिथं जिथं बाई घरात बसून काम करते तिथं तिच्या वेळेला भाव लावला जात नाही. मालक नाही, पगारपत्रक नाही, म्हणून तो खर्च वहीत येतच नाही. खर्च वहीत नाही म्हणून भाव कमी. भाव कमी म्हणून मोठी ऑर्डर आली की आनंद होतो, पण जितकं जास्त विकाल तितकं जास्त राबणं. अशा धंद्याला वाढवणं म्हणजे तोटा वाढवणं. म्हणून मदत करायची असेल तर पहिली गोष्ट कर्ज नाही. पहिली गोष्ट म्हणजे एक वही आणि तिच्यात मजुरीचा एक रकाना.

खेळतं भांडवल

दुसरी गोष्ट म्हणजे खेळतं भांडवल. हा शब्द मला फार आवडला. वर्किंग कॅपिटल म्हटलं की पुस्तक आठवतं, खेळतं म्हटलं की कळतं. पैसा खेळत राहिला पाहिजे, एका जागी बसला की धंदा आजारी पडतो.

आपली मेस काय करत होती बघा. तीन महिने चटणी घ्यायची आणि मग बिल. बिल पास व्हायला आणखी वेळ. जुलैच्या पहिल्या आठवड्यात आपण जी चटणी खाल्ली तिचे पैसे मावशींना जानेवारीत मिळाले. सहा महिने!

समजा, गटाकडे फक्त १३,५०० रुपये आहेत. सहा महिन्यांनी पैसे परत आले तर वर्षात ते दोनदा फिरतील. प्रत्येक फेरीत ४,९०० सुटले तर वर्षाचे ९,८००. तेच पैसे महिन्यात परत आले तर बारा फेऱ्या, म्हणजे ५८,८००. अर्थात तितकी मागणी पाहिजे, तितके हातही पाहिजेत. पण भांडवल तेच, चटणी तीच, फरक फक्त आमची सही कधी होते याचा. मोठ्या कंपनीला उशिरा पैसे मिळाले तर तिचा कॅश फ्लो बिघडतो. छोट्या गटाला उशिरा मिळाले तर शेकडा पाचचा व्यापारी दारात येतो.

यासाठी कायदाही आहे, हे मला माहीत नव्हतं. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या छोट्या उत्पादकाचे पैसे खरेदीदारानं जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. लेखी करार नसेल तर १५ दिवसांतच. उशीर झाला तर चक्रवाढ व्याज लागतं. २०२० पासून याची उद्यम नोंदणी ऑनलाईन आणि फुकट होते. पण नोंदणी नसलेल्या गटाला हा कायदा काय कामाचा? आणि नोंदणी असली तरी चौदा किलोमीटरवरून रिक्षानं येणारी बाई कॉलेजवर व्याजाचा दावा लावेल का? कायदा कागदावर असतो. पैसे वेळेवर द्यायचे की नाही हे देणाऱ्याच्या मनावर असतं.

आमचं यंत्र

आता जरा स्वतःवर हसते. बिलाच्या गोंधळाआधीच आम्ही चौघींनी याच गटासाठी मिनी प्रोजेक्ट केला होता. शेंगदाणे भाजायचा फिरता ड्रम, अर्धा एचपी मोटर, खाली गॅस बर्नर, तापमान दाखवायला थर्मोकपल. पंचवीसपैकी तेवीस मार्क पडले, फोटो काढले, यंत्र गटाला भेट दिलं.

जानेवारीत बघते तर ते मागच्या खोलीत ताडपत्रीखाली. का? एक, त्यात एका वेळी दोन किलो मावतात, आणि त्यांची कढई चार किलोची आहे. दोन, त्या रात्री जेवणं आवरल्यावर काम करतात, तेव्हा व्होल्टेज इतकं उतरतं की मोटर नुसती घुमते. आणि तिसरं कारण मावशींनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, आम्ही लक्ष दिलं नाही : "पोरी, हे धुवायचं कसं गं?" ड्रम उघडायची सोय आम्ही केलीच नव्हती! तेलकट टरफलं आत अडकून बसली होती.

त्यांना खरं काय हवं होतं? पिशवीचं तोंड बंद करायचं छोटं हॅन्ड सीलर. त्या मेणबत्तीच्या ज्योतीवर प्लास्टिक चिकटवत होत्या, ते सुटून तेल बाहेर यायचं आणि दुकानदार माल परत करायचा. दीड-दोन हजारांची वस्तू. आम्ही विचारलंच नाही, कारण सीलरला प्रोजेक्ट म्हणून मार्क पडले नसते.

सरकारी योजनांतून अनुदानावर मिळालेली यंत्रंही गावोगावी अशी झाकून ठेवलेली दिसतात. कधी थ्री फेज वीज नसते, कधी दुरुस्तीला तालुक्याला जावं लागतं, कधी वापरायला शिकवलेलंच नसतं. यंत्र वाईट नसतं. ते विचारून आणलेलं नसतं.

बाजार लांबचा आणि जवळचा

तिसरी गोष्ट बाजार. लिज्जत पापडाचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. १९५९ साली गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरुवात केली. ते गावातलं उदाहरण नाही, मुंबईचं आहे, पण त्यातली एक युक्ती इंजिनिअरच्या डोळ्यांनी बघण्यासारखी आहे. पीठ एका ठिकाणी मळलं जातं, बायका ते घरी नेऊन लाटतात आणि परत आणून देतात. म्हणजे चव आणि दर्जा केंद्राच्या हातात, आणि काम घरच्या वेळेप्रमाणे. हजारो घरांत लाटलेला पापड एकाच चवीचा लागतो तो यामुळे. आणि लाटणारी बाई तिथं नोकर नाही, भागीदार आहे.

आपल्याकडच्या गटांसाठी मुंबईचं महालक्ष्मी सरस किंवा पुण्याची भीमथडी जत्रा अशी प्रदर्शनं भरतात. तिथं चांगली विक्री होते, शहरातल्या गिऱ्हाईकाला काय आवडतं ते कळतं. पण प्रदर्शन वर्षातून एकदा, आणि घर रोज चालवायचं असतं. शिवाय कुठेही विकायचं तर खाद्यपदार्थाला एफएसएसएआयची नोंदणी, पाकिटावर वजन, तारीख, घटक हे सगळं नीट छापलेलं पाहिजे. ते व्हायलाच हवं, खाणाऱ्याच्या दृष्टीनं ते योग्यच आहे. पण रोजचा आणि खात्रीचा गिऱ्हाईक जवळच असावा लागतो. शाळा, आश्रमशाळा, दवाखाने, हॉस्टेल. आपण!

आणि एक गोष्ट राहिली, जी कुठल्याच फॉर्मवर नसते. मावशींना आणखी दोन हॉस्टेलची ऑर्डर येत होती, त्यांनी नाही म्हटलं. का विचारलं तर म्हणाल्या, सकाळी पाणी, जनावरं, स्वयंपाक, मग शेत, मग पुन्हा स्वयंपाक. चटणीला रात्रीचे तीन तासच उरतात. मोठं कर्ज काढायचं तर घर आणि जमीन नवऱ्याच्या नावावर. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९९० च्या सुमारास लक्ष्मी मुक्तीची मोहीम काढून शेतकऱ्यांना बायकोच्या नावावर जमीन करायला सांगितलं होतं, तेव्हा बऱ्याच जणांनी ती केलीही. पण अजून सातबाऱ्यावर बाईचं नाव शोधावंच लागतं. व्यवसाय वाढत नाही म्हणून बाईला प्रशिक्षण द्यायला सगळे तयार असतात. घरातल्या बाकीच्यांना पाणी भरायचं प्रशिक्षण कोण देणार?

मग आम्ही काय केलं?

जानेवारीत मी पुन्हा अकाउंट्समध्ये गेले आणि पहिल्यांदाच नीट विचारलं, की सर, पॅन नसेल तर काय करता येईल? त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं, की रेक्टर मॅडम आणि कमिटीच्या सहीनं व्हाउचरवर देता येईल, पुढच्या बिलाच्या आत गटाचं पॅन काढून घ्या. चौथ्या दिवशी पैसे खात्यात जमा झाले. सप्टेंबरमध्ये हाच प्रश्न विचारला असता तर २,२५० रुपये वाचले असते. तिथं कुणीही मला अडवलं नव्हतं. मीच विचारलं नव्हतं.

त्यानंतर कमिटीच्या मीटिंगमध्ये मी तीन प्रस्ताव मांडले. बिल तीन महिन्यांनी नाही, दर महिन्याला. पैसे पंधरा दिवसांच्या आत. आणि भाव २३० वरून २६५. पहिले दोन लगेच पास झाले. तिसऱ्यावर भांडण झालं. "बाजारात ब्रँडेड स्वस्त मिळते", "आपण काय समाजसेवा करायला बसलोय का", वगैरे. मग मी फळ्यावर गणित मांडलं. ३५ रुपये गुणिले ८० किलो, २,८०० रुपये. हॉस्टेलमध्ये मुली ३१०. तीन महिन्यांत प्रत्येकीला ९ रुपये, म्हणजे महिन्याला ३ रुपये. कॅन्टीनच्या एका चहातसुद्धा बसत नाही!

भाव एका मताने पास झाला.

व्यापाऱ्याला दिलेलं व्याज मात्र गेलं ते गेलंच. मी ते माझ्या पॉकेटमनीतून द्यायला गेले, तर मावशींनी घेतलं नाही. म्हणाल्या, "तुजं पैसं नको. हिशोबाचं तेवढं शिकव." त्यांना हिशोब माझ्यापेक्षा चांगला येतो. त्यांना हवं होतं ते बिल लिहायला. तीन रविवार गेलो. आता गटाचं पॅन आहे, छापील बिलबुक आहे, वहीत मजुरीचा रकाना आहे आणि मेणबत्तीच्या जागी सीलर आहे. सीलरचे पैसे आम्ही चौघींनी काढले, प्रायश्चित्त म्हणून. ड्रमला आता दार बसवायचं काम चालू आहे. यंदा त्याला मार्क नाहीत.

मित्रमैत्रिणींनो, मी काही मोठं केलेलं नाही. उलट जे माझ्यामुळे बिघडलं होतं तेवढंच दुरुस्त केलं. पण आपण उद्या कुठल्या ना कुठल्या टेबलामागे बसणार आहोत. कुणी खरेदी विभागात, कुणी बँकेत, कुणी सरकारी नोकरीत. त्या टेबलावर असे कागद येतील, वहीच्या पानावर लिहिलेले, नंबर नसलेले. त्या वेळी "बसत नाही" म्हणून बाजूला ठेवण्याआधी "कसं बसवता येईल" एवढं विचारायला दोन मिनिटं लागतात.

यंदाच्या मेस कमिटीसाठी एक निरोप. चटणीची फाईल निळ्या रंगाची आहे, ऑफिसच्या दुसऱ्या कप्प्यात. या महिन्याचं बिल पाच तारखेला आलं आहे. वीस तारखेच्या आत सही झाली पाहिजे. कृपया ती फाईल कुणीही आपल्या कपाटात ठेवू नये.